शाळेत वापरायचा कमरेचा माइक : सात महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू, खास नवीन शिक्षकांसाठी

मागच्या जुलैत घेतलेला हा माइक आता फेब्रुवारीपर्यंत, रोज नाही पण आठवड्यातले तीन-चार दिवस तरी, वापरून झालाय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. घेण्याआधी मी पण चिक्कार रिव्ह्यू वाचले होते पण बहुतेक सगळे बॉक्स उघडल्या-उघडल्या लिहिलेले, आवाज क्लिअर आहे, डिलिव्हरी वेळेत आली, बस. वर्गात ६१ पोरं, वर पत्रा, बाहेर पाऊस आणि शिकवणाऱ्या बाईला नोकरीला लागून जेमतेम महिना झालेला, अशा ठिकाणी ही वस्तू काय कामाची ते कुणीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही, कारण तोच डबा चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकला जातो असं माझ्या लक्षात आलंय, आणि मला जे सांगायचंय ते डब्यापेक्षा तो घेऊन वर्गात गेल्यावर काय काय होतं त्याबद्दल जास्त आहे.

मी सांगली जिल्ह्यात द्राक्षपट्ट्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेवर शिक्षण सेवक म्हणून जूनमध्ये लागले. विज्ञान शिकवते, आठवी आणि नववीला. शिक्षण सेवक म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर, माध्यमिकला १८,००० रुपये, तेही २०२३ च्या जानेवारीपासून वाढलंय, त्याआधी ८,००० होतं. तेव्हा १,३५० रुपयांचा माइक ही माझ्यासाठी दोनदा विचार करून घ्यायची वस्तू होती. आईनं तर विचारलंच, शाळेनं द्यायला नको का गं? पण शाळेकडे परिपाठाचा मोठा सेट आहे, वर्गावर्गात कोण देणार, आणि माझा घसा थांबायला तयार नव्हता.

घशाचं सांगते. आठवी ब चा वर्ग इमारतीच्या अगदी टोकाला, जुना, वर पत्रा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ पोरांमागे एक शिक्षक असं लिहिलंय, माझ्या वर्गात एका वेळी ६१ बसतात. दिवसाला सहा तास. बीएडला आमची २० आठवडे इंटर्नशिप झाली होती, पण तेव्हा मागच्या बाकावर निरीक्षणाला कुणीतरी वहीपेन घेऊन बसलेलं असायचं आणि पोरं शहाण्यासारखी गप्प असायची, त्यामुळे खरा वर्ग कसा असतो ते मला पंधरा जूननंतरच कळलं. मी शिकवायला तोंड उघडलं की मागून गलका, मी आवाज चढवला की गलका चढायचा, मी डस्टर आपटला की दोन मिनिटं शांतता आणि परत सुरू. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी हजेरी घ्यायला गेले आणि आवाजच आला नाही, नुसती हवा. सांगलीला जाऊन घशाच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी दुर्बीण घालून बघितलं आणि म्हणाले, स्वरतंतू सुजलेत, अजून गाठी नाहीत पण असंच ओरडत राहिलात तर होतील. शिक्षकांमध्ये हे फार बघतो म्हणाले, त्यात बायका जास्त. पाणी घोट-घोट पीत राहा, सारखं खाकरू नका, आणि कुजबुजत बोललं की घशाला आराम पडतो असं समजू नका, त्यानंही ताण पडतो. हे शेवटचं मला नवीन होतं, मी दोन दिवस कुजबुजूनच शिकवत होते.

तर त्याच रात्री माइक मागवला. वस्तू अशी आहे : तळहातापेक्षा थोडा मोठा चौकोनी स्पीकर, १० वॅट, कमरेला बांधायला पट्टा, आणि डोक्यामागून कानावर अडकवायचा वायरवाला माइक. वजन नुसतं हातात घेतलं तर काही वाटत नाही पण साडीवर पट्टा बांधला की चौथ्या तासाला जाणवतं, पंजाबी ड्रेसवर ठीक आहे. चार्जिंग मोबाईलच्याच चार्जरनं होतं. बॉक्सवर दहा तास चालतो लिहिलंय, माझ्याकडे मध्यम आवाजावर दोन दिवसांचे तास निघतात, म्हणजे खोटं नाही. पेनड्राइव्ह लावायची सोय आहे, त्यावर मी एकदा कविता लावली होती मराठीच्या सरांसाठी, नंतर कधी वापरली नाही.

वापरायची पद्धत कुणी सांगत नाही ती सांगते, कारण पहिले आठ दिवस मी चुकीच्याच पद्धतीनं वापरला. माइक तोंडासमोर धरायचा नाही, ओठांच्या कोपऱ्याशी दोन बोटं अंतरावर ठेवायचा, नाहीतर प, फ, भ म्हटलं की फट्ट-फट्ट येतं. आणि स्पीकर कमरेला बांधायचाच नाही! नाव कमरेचा माइक असलं तरी. कमरेला असला की पहिल्या बाकावरच्या पोरांच्या तोंडावर आवाज आदळतो आणि शेवटच्या बाकापर्यंत जाईस्तो विरतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो, पहिला बाक माझ्यापासून दोन मीटरवर आणि शेवटचा आठ मीटरवर, म्हणजे अंतर दोनदा दुप्पट, बारा डेसिबल गेले. खोलीत भिंतींमुळे तेवढे जात नाहीत, पण जातात. मी आता स्पीकर वर्गाच्या मध्यावर खिडकीच्या गजाला अडकवते आणि आवाज कमी ठेवते. त्यासाठी मात्र बिनवायरचा माइक लागतो, तो मी नंतर वेगळा घेतला, त्याचं खाली लिहिलंय. आणि बोलत बोलत स्पीकरच्या समोर गेलात की कुईंsss करून शिट्टी बसते, कारण स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो, तो परत मोठा होऊन बाहेर येतो, असं चक्र. पोरांना ध्वनीचा धडा शिकवताना मी ही शिट्टी मुद्दाम वाजवून दाखवली, फार आवडली त्यांना.

आता मुद्द्याचं. माइकनं वर्ग गप्प बसतो का? नाही बसत. मी पण त्याच आशेवर घेतला होता म्हणून स्पष्ट सांगते. पहिले दोन दिवस नवलाई असते म्हणून बसतात, तिसऱ्या दिवशी पोरं माइकच्या वरताण बोलायला लागतात. याला कारण आहे. आजूबाजूला आवाज असला की माणूस आपोआप, न कळत, मोठ्यानं बोलतो, याला लोंबार्ड इफेक्ट म्हणतात, एतियेन लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९११ मध्ये मांडलेली गोष्ट. लग्नाच्या हॉलमध्ये बँड सुरू झाल्यावर सगळे कसे ओरडून बोलतात, तसंच. म्हणजे मी १० वॅटनं बोलायला लागले की शेजारच्या बाकावरच्याला पेन मागणाऱ्या पोराला पण आवाज चढवावाच लागणार, त्यात त्याचा उद्धटपणा काही नाही. हे मी कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं पण असेल, आणि वर्गात उभी राहिल्यावर मात्र मला ते पोरांनी मुद्दाम केल्यासारखं वाटायचं. पोरं मला मानत नाहीत असं वाटून मी दोनदा स्टाफरूममध्ये रडलेय.

पण पावसात. पावसात या वस्तूला तोड नाही. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येत नाही, आधी आम्ही तो तास सोडूनच द्यायचो, पोरांना वाचत बसा म्हणायचं. ऑगस्टमध्ये सलग चार दिवस झड होती, त्या चार दिवसांत मी धातू-अधातू पूर्ण केलं, वर्गाच्या मध्ये उभी राहून, स्पीकर गळ्यात अडकवून. पोरं पुढं सरकून, बाक सोडून, जमिनीवर माझ्याभोवती बसली होती कारण खिडकीतून पाणी येत होतं. त्या दिवशी कुणाला गप्प बसा म्हणावं लागलं नाही. तेव्हा वाटलं माइक चालला, नंतर विचार केल्यावर लक्षात आलं की पोरं जवळ बसली होती, मला त्यांची तोंडं दिसत होती आणि त्यांना माझं, ते चाललं. त्यानंतर मी पावसाशिवाय पण फिरून शिकवायला लागले. फळ्याला चिकटून उभं राहायचं नाही. मागं गलका झाला तर इथून नाव घेऊन ओरडायचं नाही, शिकवत शिकवत त्या बाकापाशी जायचं, दोन मिनिटं तिथंच उभं राहून पुढचं सांगायचं. पुष्कळदा एवढ्यावर भागतं, आणि त्या पोराचं नाव सगळ्या वर्गात काढलं जात नाही.

आता जे लिहिणार आहे ते लिहू का नको असं चार दिवस चाललं होतं. पण माइक घेणाऱ्या नवीन शिक्षकानं हे वाचायलाच पाहिजे असं वाटतं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झालेली. आठवी ब, जेवणानंतरचा तास, खिचडी खाऊन पोरं सुस्तावलेली. चौथ्या बाकावर एक पोरगा दप्तरावर डोकं ठेवून गाढ झोपलेला. आठवड्यात तिसऱ्यांदा. माइक लावलेलाच होता, आवाज वाढवलेला होता, आणि मी म्हणाले, "काय रे, रात्रभर मोबाईल बघत बसतोस आणि इथं झोपायला येतोस का? घरी कुणी बघणारं आहे का नाही?" वर्ग हसला. तो दचकून उठला, तोंड लाल झालं त्याचं, ओठ हलले पण काही बोलला नाही. मी पुढं शिकवायला लागले. मला वाटलं झालं, संपलं.

पण ते माइकवर बोलले होते मी. आमच्या वर्गाला लागून सातवी, पलीकडं सहावी, मधल्या भिंती वरपर्यंत नाहीत. मधल्या सुट्टीत सातवीच्या पोरांनी त्याला मोबाईल, मोबाईल म्हणून चिडवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी आमचे एक जुने सर आहेत, २६ वर्षं झाली त्यांना शाळेत, ते स्टाफरूममध्ये शेजारी येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, त्या पोराची बाग कुठं आहे माहितीय का तुम्हाला? वढ्याच्या पलीकडं. छाटणी झालीय. डावणीचे दिवस आहेत."

मी शेतकऱ्याच्या घरातली नाही, मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट असते, धुकं पडलं, पावसाचा शिपका आला की डावणी, म्हणजे द्राक्षावरची बुरशी, येते आणि दोन दिवसांत घड हातचा जातो, म्हणून लोक रात्री-पहाटे उठून औषध मारतात. बाप ट्रॅक्टरवर, पोरगं टाकी भरायला आणि बॅटरी धरायला. त्यात शेतीची लाईट आलटून पालटून, कधी दिवसाची कधी रात्रीची, रात्रीची असली की मोटर चालू करायला पण जावं लागतं. हा पोरगा त्या आठवड्यात रोज दोनला उठत होता. मोबाईल घरात एकच, बापाकडं.

बीएडला आम्हाला शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ पाठ होतं, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी. छडी मी आयुष्यात हातात धरणार नाही हे मला पक्कं माहिती होतं आणि त्यामुळे त्या कलमाचा आपल्याशी संबंध नाही असंच मी धरून चालले होते. त्या पोराला मी हात लावला नव्हता. पण तीन वर्गांसमोर त्याच्या आईबापांचं काढलं होतं, तेही न विचारता.

संध्याकाळी सरांबरोबर त्याच्या घरी गेले. आई घाबरली, "म्याडम, काय केलं त्यानं?" हेच पहिलं वाक्य. (हे वाक्य नंतर मी इतक्या घरांत ऐकलंय. शाळेतून कुणी येतं ते तक्रार घेऊनच येतं, असं लोकांनी धरलेलं आहे.) मी म्हणाले त्यानं काही नाही केलं, माझंच चुकलंय, मी त्याच्याशी बोलायला आलेय. तो गोठ्याकडं होता. मी त्याला म्हणाले, मला माहिती नव्हतं आणि मी विचारलं पण नाही, माझी चूक झाली. तो खाली बघून म्हणाला, "राहू द्या म्याडम." मग मी त्याला विचारलं, मी सगळ्यांसमोर बोलले होते तर माफी पण सगळ्यांसमोर मागितली पाहिजे, मागू का? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मागा, पण बागेचं सांगू नका." मी म्हणाले नाही सांगणार.

दुसऱ्या दिवशी त्याच तासाला माइक लावला, आवाज त्या दिवशी होता तेवढाच ठेवला, सातवीत ऐकू जाईल असा, आणि म्हणाले, "मागच्या आठवड्यात मी याच माइकवरून या वर्गातल्या एकाला झोपण्यावरून बोलले. ते मी माहिती न घेता बोलले. ते खरं नव्हतं. माझी चूक होती, मी त्याची माफी मागते." एवढंच. कारण सांगितलं नाही. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, सात महिन्यांत तशी कधी झाली नाही. मागून एकानं विचारलं, "म्याडम, खरंच?" म्हटलं, हो, खरंच. मग धडा काढा म्हणाले.

स्टाफरूममध्ये एकदोघांना हे पटलं नाही. सुरुवातीला धाक बसवा, मग सैल सोडता येतं, आधी सैल सोडलं की परत आवळता येत नाही, पोरं डोक्यावर बसतील, असं मला जूनपासून सांगत होते, त्यांचा हेतू चांगलाच होता, त्यांनीही तसंच निभावलंय. माझ्या वर्गात तसं झालं नाही. पोरं डोक्यावर बसली नाहीत. उलट त्या महिन्यात पहिल्यांदा दोन पोरं स्वतःहून सांगायला आली की म्याडम गृहपाठ झाला नाही, आधी वह्या लपवायची. ते जुने सर तरुणपणी कोल्हापूरला लीलाताई पाटलांच्या सृजन आनंद विद्यालयात जाऊन आलेले, १९८५ ला सुरू झालेली शाळा, शिक्षेशिवाय मुलं शिकतात हे तिथं करून दाखवलं. त्यांनी एकच सांगितलं, तिथं मोठी माणसं मुलांशी बोलताना आवाज चढवायची नाहीत, मला आधी वाटायचं मुलं चांगली आहेत म्हणून, मग समजलं उलटं आहे.

तेव्हापासून माझा नियम : कुणा एकाला काही बोलायचं असलं की आधी माइक बंद. बटण स्पीकरवर आहे आणि स्पीकर लांब खिडकीत, म्हणजे चालत जाऊन बंद करावा लागतो. तेवढ्या चालण्यात निम्म्या वेळा जे बोलणार होते ते बोलावंसं वाटत नाही. म्यूटचं बटण माइकवरच असलेले महाग मॉडेल मिळतात, मी मुद्दाम घेतलं नाही.

माइकच्या बरोबरीनं मी आणखी दोन वस्तू घेतल्या होत्या, त्यांचं पण लिहून टाकते. एक टेबलावरची टिंग वाजणारी घंटी, १२० रुपये, पैसे वाया. पहिल्या दिवशी पोरं गप्प, दुसऱ्या दिवशी ज्याला त्याला वाजवायची, पाचव्या दिवशी कपाटात. दुसरी २०० पानी लाँगबुक वही, ६५ रुपये. माझ्या मते सगळ्या खरेदीत हीच वसूल झाली. एका पोराला दोन पानं. त्यात मार्क नाहीत, तक्रारी नाहीत. रोज दोघांबद्दल अभ्यासाव्यतिरिक्त एक गोष्ट लिहायची, म्हणजे ती माहिती व्हायला त्यांच्याशी बोलावंच लागतं, परिपाठानंतर, खिचडीच्या रांगेत, ऑफ तासाला. कुणाची शेळी व्याली, कुणी मामाच्या गावाहून आलीय शिकायला, कुणाला चष्मा लागलाय पण घालत नाही, कुणाचे वडील ऊसतोडीला गेलेत आणि घरी आजी एकटी. ६१ पोरं व्हायला महिना-दीड महिना जातो. नोव्हेंबरआधी मी हे सुरू केलं असतं तर तो प्रकार घडला नसता असं मला वाटतं. नावं पण याच वहीतून पाठ झाली. आधी मी "ए मागचा", "निळ्या दप्तरवाली" असंच म्हणायचे, हजेरी पण नंबरानं घ्यायचे. आता नावानं घेते, दोन मिनिटं जास्त लागतात. आणि आठवड्यातून दोन घरी फोन करते, चांगलं काहीतरी सांगायला, तुमच्या मुलीनं आज प्रयोगाची आकृती फार सुरेख काढली वगैरे. समोरून पहिल्यांदा शांतताच असते, मग, "बरं म्याडम... अजून काय?" तक्रार कधी येतेय त्याची वाट बघत असतात.

फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहायला मॉनिटरला उभं करायची पद्धत होती, ती बंद केली. त्यात मॉनिटरचे दोस्त कधीच बोलत नसायचे आणि ज्यांची नावं यायची ती तीच ती असायची. त्याऐवजी मी तास सुरू व्हायच्या आत फळ्यावर एक प्रश्न लिहून ठेवते, आल्या-आल्या वहीत उत्तर लिहायचं, बरोबर-चूक कसंही. लाकूड पाण्यावर का तरंगतं, सायकलच्या पंपाचं खालचं टोक गरम का होतं, असले. पहिली चार-पाच मिनिटं जी गलक्यात जायची ती यात जातात.

आता माइकचं सगळ्यात चांगलं, जे मी ठरवून केलं नव्हतं. डिसेंबरमध्ये घशाला परत त्रास झाला म्हणून एक तास मी पोरांना म्हणाले तुम्हीच वाचा, माइक घ्या. आधी धांदल, हॅलो हॅलो, टेस्टिंग टेस्टिंग, ते होऊ दिलं. मग एका मुलीकडं गेला. ही मुलगी सहा महिने माझ्या वर्गात होती आणि तिचं उत्तर मला एकदाही नीट ऐकू आलं नव्हतं, इतकं हळू बोलते, मोठ्यानं बोल म्हटलं की आणखीच आवाज खाली जातो. तिनं माइक घेतला आणि आपल्याच हळू आवाजात वाचायला लागली. आणि शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट ऐकू आलं. तिला मोठ्यानं बोलावं लागलंच नाही. तिनं वर बघितलं, स्पीकरकडं बघितलं, परत वाचायला लागली. एक परिच्छेद वाचायचा ठरला होता, तिनं दीड पान वाचलं आणि कुणी थांबवलं नाही. मी जूनपासून तिला "मोठ्यानं बोल" म्हणत होते.

तेव्हापासून आठवड्यातला एक तास माइक पोरांकडं असतो. हजेरी नंबराप्रमाणं, कुणी नको म्हणालं तर पुढच्याला, परत विचारायचं. नियम दोनच केलेत, पोरांनीच केले खरं तर : ज्याच्या हातात माइक त्याचं बोलणं संपेपर्यंत दुसऱ्यानं बोलायचं नाही, आणि माइकवर कुणाचं नाव घेऊन हसायचं नाही. दुसरा नियम कुणी सुचवला ते सांगत नाही, पण तो चौथ्या बाकावर बसतो.

तक्रारी. वायर. अडीच महिन्यांत कानापाशी जिथं वायर वळते तिथं तुटली, आवाज खर्र-खर्र यायला लागला. विक्रेत्याला फोटो पाठवले, तीनदा मेसेज केले, वॉरंटी फक्त स्पीकरला आहे माइकला नाही असं उत्तर आलं, बॉक्सवर मात्र तसं वेगळं काही लिहिलेलं नाही. शेवटी तालुक्याला मोबाईल रिपेअरवाल्या दादांनी ५० रुपयांत जोड मारून दिला, तो आजतागायत टिकलाय. तोंडापुढचा स्पंजचा गोळा महिन्यात ढिला होतो आणि पडतो, खडूची धूळ बसून पांढरट पण होतो. खडूच्या धुळीनं चार्जिंगची खाच पण भरते, कोरड्या ब्रशनं साफ करत जा. बिनवायरचा माइक वेगळा घेतला त्याला ७५० पडले, त्याची बॅटरी तीनच तास टिकते, पण स्पीकर लांब ठेवता येतो म्हणून मी तोच जास्त वापरते. पोरांच्या हातात द्यायला मात्र कानावरचा नको, एकाच्या तोंडचा दुसऱ्याला जातो, आणि मुलींच्या वेण्यांत अडकतो. हातात धरायचा साधा वायरचा २०० रुपयांत मिळतो आणि त्याच खाचेत बसतो.

तर मार्क द्यायचे म्हटले तर, घशासाठी पाचपैकी पाच. सात महिन्यांत परत आवाज बसला तो एकदाच, तोही सर्दीमुळे. पत्र्याचा वर्ग आणि पावसाळा असेल तर डोळे झाकून घ्या. वायरला दोन. वर्ग ताब्यात यावा म्हणून घेणार असाल तर थांबा, आधी ६५ रुपयांची वही घ्या, महिनाभर भरा, मग माइक मागवा. मागवताना स्पंजचे चार गोळे जास्तीचे घ्या आणि विक्रेत्याला वॉरंटीचं आधीच मेसेजवर लिहून मागा. आणि स्पीकर अडकवायला खिडकीचा गज मजबूत आहे ना ते बघा, आमचा एक गज हलतो, तिथं मी सुतळीनं बांधलाय.